तिसरी चौकट

चौदा नंबरच्या फितीतली बाई बोलता बोलता थांबली, मनगटाच्या मागच्या बाजूने तिने नाक पुसलं आणि मी पडद्याकडे पुढे वाकलो. चेहरा मी नंतर ओळखला, मनगट आधी. घरच्या माणसांना आपण असं तुकड्यातुकड्यांनीच ओळखत असतो, अख्खं कधी बघितलेलंच नसतं. पडद्यावर माझी थोरली बहीण उभी होती. मागे ती जिथे तीस वर्षं नर्स होती त्या प्रसूतिगृहाचं गंजकं फाटक, पुढे वीस-पंचवीस माणसं, आणि हातातला माइक तिने थर्मामीटर धरावा तसा दोन बोटांत धरलेला. आवाज बंद होता. आमच्याकडे पहिली दोन मिनिटं आवाज बंद ठेवूनच बघायची पद्धत आहे. साहेबांचं म्हणणं, लोक उमेदवाराला कानांनी ऐकतात आणि डोळ्यांनी मत देतात. असली वाक्यं साहेब दिवसाला तीन-चार टाकतात आणि मग कुणी लिहून घेतलं का ते बघतात. मी चहाचा कप खाली ठेवला. कपाच्या काठावर आदल्या कुणाच्या तरी ओठांची तपकिरी कड वाळून राहिली होती. ती मला तेव्हा दिसली, अर्धा कप पिऊन झाल्यावर.

माझं काम काय ते सांगायला हवं, कारण ते बायकोलाही नीट ठाऊक नाही. निवडणूक लागली की एखादा पुढारी आमच्या कचेरीला काम देतो. मग त्याच्याविरुद्ध उभे असलेल्यांच्या भाषणांच्या, फेऱ्यांच्या फिती आमच्या टेबलावर येतात. एका उमेदवाराला एक कागद, एका कागदावर तीन चौकटी. पहिलीत छाप, म्हणजे हा माणूस लोकांना किती भावतो, दहापैकी. दुसरीत शक्यता, म्हणजे निवडून येईल का, तेही दहापैकी. या दोन गोष्टी एक नाहीत. छाप आठ आणि शक्यता दोन अशी कितीतरी भली माणसं मी बघितली आहेत, आणि आमचा सध्याचा ग्राहक, म्हणजे ताईच्याच प्रभागाचा विद्यमान सदस्य, त्याला मी स्वतः छाप तीन आणि शक्यता सहा दिलेली आहे. तिसऱ्या चौकटीवर छापलंय ‘दुखरी जागा’. शक्यता सहाच्या वर गेली की ती भरावीच लागते. तिथे काय लिहायचं ते नोकरीला लागलो त्या दिवशी कुणी समजावून सांगितलं नव्हतं, आणि मलाही विचारावं लागलं नव्हतं.

नऊ वर्षं मी तोंडं बघतोय. त्याआधी ओळखपत्रांचे फोटो काढायच्या दुकानात होतो, तेव्हाही तोंडंच बघत होतो, पण ती गरीब तोंडं होती, हनुवटी वर म्हटलं की वर करायची. ही तोंडं वेगळी. आवाज बंद केला की भाषण म्हणजे नुसते ओठ उरतात, आणि ओठ फार घाण दिसतात. आत-बाहेर जाणारी जीभ, कोपऱ्यात साचलेला पांढरा फेस, दुसऱ्याचं बोलणं ऐकताना नाकपुड्यांची होणारी फुगवण. लेकरू उचलून घेताना त्याच्या नाकाचा शेंबूड आपल्या खांद्याला लागणार नाही एवढं अंतर नेमकं ठेवणारे हात. म्हातारीच्या पाया पडताना कॅमेरा कुठाय ते शोधणारा डोळा. हे मी टिपतो, त्याला आकडा देतो आणि दुपारी त्याच हातांनी डबा उघडतो. घरी कुणी पाहुणा आला की पाच मिनिटांत त्याची छाप माझ्या डोक्यात तयार असते. बायको म्हणते, असं बघत जाऊ नकोस माणसांकडे, त्यांना कपडे काढल्यासारखं होतं. तिला मी सहा दिलेले आहेत, हे तिला कधी सांगितलेलं नाही.

मागच्या निवडणुकीत एक निवृत्त मुख्याध्यापक होते. साधा माणूस, बोलताना खडू धरल्यासारखा हात धरायचे. छाप सात, शक्यता सात. तिसऱ्या चौकटीत काही सापडेना, तेव्हा मी त्यांच्या तीन फिती पुन्हा लावल्या. तिन्हींत घोळक्याच्या कडेला त्यांची तिशीतली मुलगी उभी होती आणि दर थोड्या वेळाने ते तिच्याकडे बघत होते, बाप परक्या घरात लहान पोरीकडे बघतो तसे. मी चौकटीत ‘मुलगी’ एवढंच लिहिलं. चार दिवसांनी प्रभागातल्या दारादारांखालून पत्रकं सरकवली गेली. मुलगी कुठल्या इस्पितळात किती महिने होती, तिला काय काय दिसतं, काय काय ऐकू येतं, सगळं त्यात होतं. मास्तरांनी प्रकृतीच्या कारणास्तव माघार घेतली. ती बातमी मी उकडलेलं अंडं सोलता सोलता वाचली, आणि वाचून झाल्यावर अंडं खाल्लं. किळस आली का? आली. पण ती मला त्या पत्रकं वाटणाऱ्यांची आली, आणि अंडं गार व्हायच्या आत ती गेलीसुद्धा.

ताई उभी राहतेय हे मला माहीत होतं. महिन्यापूर्वी तिने फोनवर सांगितलं होतं, प्रसूतिगृह पाडून तिथे वाहनतळ करणार आहेत, बायकांनी काय गाड्यांमध्ये बाळंत व्हायचं का, म्हणून अर्ज भरतेय. मी बरं म्हणालो होतो आणि मनातल्या मनात हात झटकले होते, कारण अपक्षांच्या फिती आमच्याकडे सहसा येत नाहीत. आता ती आली होती, म्हणजे ताईची कुणाला तरी भीती वाटली होती. ओळखीचा उमेदवार आला तर कागद परत करायचा असा नियम आहे. पण केला असता तर साहेब खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले असते. वा, तुमचीच बहीण का, मग तिसरी चौकट तुमच्याइतकी कुणाला भरता येणार, असं म्हणाले असते आणि माझ्या गुडघ्यावर थापटलं असतं. त्यांच्या तळव्याला कायम घाम असतो. मी कागद ठेवून घेतला आणि फीत पहिल्यापासून लावली.

दोन मिनिटं मी ताईला अशी बघितली, जशी गेल्या पन्नास वर्षांत बघितली नव्हती. ती जाड झाली होती. केस कसेतरी बांधलेले. भाषण येत नव्हतं, मधेच शब्द विसरत होती आणि विसरल्याचं लपवतही नव्हती. पण पुढची माणसं हलत नव्हती. एक बाई कडेवरचं पोर या बाजूचं त्या बाजूला घेताना सुद्धा तिच्यावरची नजर काढत नव्हती. कारण ताई प्रत्येकाकडे बघताना जरा वेळ थांबत होती, समोरच्याचं आपण काही देणं लागतो आणि त्याला ते माहीत असेल की काय, असं. हे बघणं शिकवून येत नाही. आमच्या ग्राहकाने त्यासाठी दोन शिक्षक ठेवले आहेत, आणि तरी त्याचे डोळे दुकानातल्या मासळीसारखेच राहिले आहेत. ताईला हे कुठून आलं ते जगात फक्त मला ठाऊक होतं.

अकरा वर्षांपूर्वी तिला काही महिने मोठ्या इस्पितळात पुरुषांच्या वॉर्डात टाकलं होतं. एकदा लागोपाठ दोन पाळ्या झाल्या होत्या. सहाव्या आणि सातव्या खाटेवरच्या माणसांचं आडनाव एक होतं. सहाव्याचं इंजेक्शन तिने सातव्याला दिलं. सातवा म्हणजे एक म्हातारा घड्याळ दुरुस्त करणारा, उशाशी भिंग ठेवून झोपायचा. तिसऱ्या सकाळी तो गेला. हे तिने मला तिच्या स्वयंपाकघरात शेंगा सोलता सोलता सांगितलं. सोललेले दाणे ती टरफलांच्या पातेल्यात टाकत होती आणि टरफलं दाण्यांच्या, आणि मी ते बघत होतो, तिला सांगत नव्हतो. मी विचारलं, डॉक्टरांनी काय लिहिलं. ती म्हणाली, हृदयविकार. मी म्हणालो, मग झालं तर. एवढंच बोललो मी. ती मान हलवत राहिली. त्यानंतर तिने मागून घेऊन आपल्या जुन्या प्रसूतिगृहात परत बदली करवली. मग सुट्टीच्या दिवशी बाळंतिणींच्या घरी जा, कुणाच्या म्हातारीचे पाय चेप, रांगेत कुणाचा तरी नंबर लाव, असं तिचं सुरू झालं. आम्ही सगळे थट्टा करायचो, ताईला स्वस्थ न बसायचा आजार आहे म्हणून. त्या एका चुकीतून तिच्या चेहऱ्यावर आलेल्या गोष्टीला लोक भलेपणा म्हणत होते, आणि माझ्या हिशेबाने छाप होत होती आठ.

छाप आठ, शक्यता सात, दुखरी जागा: सातवी खाट. अगदी खरा कागद. नऊ वर्षांत इतका अचूक कागद मी भरला नसेन, आणि तसं वाटलं तेव्हा मला आनंद झाला. तो आनंद मला ओळखू आला. मास्तरांच्या वेळी झाला होता तोच. मी उठून खिडकी उघडली. खाली कचऱ्याच्या पेटीवर आमच्याच ग्राहकाचा फोटो फडफडत होता, हात जोडलेला. परत येऊन मी छापच्या चौकटीत चार लिहिले, शक्यतेच्या चौकटीत तीन, आणि कागद ट्रेमध्ये टाकला. तिसरी चौकट कोरी राहिली. साबण लावून हात धुतल्यासारखं वाटलं मला, अर्धा तास.

कारण प्रत्येक फीत दोघं बघतात. चौदा नंबरच्या दुसऱ्या परीक्षक होत्या नाटकवाल्या बाई. बाई शाळांमधून मुलांची नाटकं बसवायच्या, आता साठी गाठलीय, कायम खोकल्याची गोळी चघळत असतात. त्यांनी छाप आठ आणि शक्यता सात लिहिली होती. दोघांत दोनपेक्षा जास्त फरक पडला की शेजारी बसून मिटवायचा, हा आमचा दुसरा नियम. त्या माझ्या टेबलाशी आल्या तेव्हा गोळीचा वास आधी आला.

“तुम्ही चार दिलेत? तब्येत बरी आहे ना?” त्यांनी विचारलं.

“अहो, भाषण येत नाही तिला.”

“न येऊ दे. मी चाळीस वर्षं पोरांना उभं राहायला शिकवलं. असं उभं राहणारी एक सापडली नाही मला. हिच्याकडे बघितलं ना, की आपणच काहीतरी कबूल करून टाकावंसं वाटतं.”

“तिसरी चौकट काय भरणार आहात?”

“तेच शोधायचंय. काहीतरी असणार. असल्याशिवाय माणूस असा बघत नाही.” बाईंनी गोळी गालातून इकडची तिकडे केली. “फाइल मागवते मी. इस्पितळातली वर्षं जरा उकरली पाहिजेत.”

तेव्हा मी बोलायला लागलो. फीत लावली आणि पडद्यावर बोट ठेवून ठेवून दाखवलं. हे नाक पुसणं बघा, अजागळ बाई आहे. कपडा काखेत ओला. माणसं थांबलीत ती कणव आल्यामुळे, आणि ज्याची कणव येते त्याला कुणी मत देत नाही, घरी गेल्यावर त्याचं नावसुद्धा आठवत नाही. हे बघणं तुम्हाला खोल वाटतं, मला ते लाचार वाटतं. हे आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात जाऊन कामं करणाऱ्या बाईचं बघणं आहे, हिला कुणी ये म्हणत नाही म्हणून ही आपणहून जाते. हिला घरातसुद्धा कुणी गांभीर्याने घेत नसणार. हिच्या भावंडांना विचारलं तर सांगतील, चांगली आहे बिचारी, पण जरा जास्तच होते. मी बोलत होतो आणि मला कुठेही अडखळायला होत नव्हतं. बाई आधी हसल्या, मग ऐकायला लागल्या, मग त्यांनी चष्मा काढला. शेवटी त्यांनी आठ खोडून पाच केले आणि सात खोडून चार.

“पटलं मला,” त्या म्हणाल्या. “पण तुम्हाला ही बाई अजिबात आवडत नाही हो.”

मी प्रसाधनगृहात जाऊन बेसिनवर वाकलो. नळ सोडला आणि हात धुवायला लागलो. ताईला मी वाचवली होती. तिची फाइल उघडणार नव्हती, पत्रकं निघणार नव्हती, घड्याळवाल्याचं नाव कुणाच्या तोंडी येणार नव्हतं. तरी मी हात धुतच होतो, कारण मी बाईंना फसवण्यासाठी म्हणून जे बोललो त्यातलं काहीही मला बनवावं लागलं नव्हतं. ते सगळं माझ्याकडे तयार होतं, घडी घालून ठेवलेलं, किती वर्षांपासून कुणास ठाऊक. आईच्या आजारपणात तीच सगळं करायची आणि मी संध्याकाळी फळं घेऊन जायचो, तेव्हापासून असेल. बेसिनच्या जाळीत कुणाचे तरी केस अडकले होते. त्यांच्याकडे बघत मी ठरवलं की आजच ताईकडे जायचं. माघार घ्यायची मुदत उद्या दुपारी तीनपर्यंत होती. कागद मिटवला होता, पण पाच आणि चार म्हणजे सुद्धा कुणीतरी पुन्हा बघू शकतं. ती उभीच नसली तर कुणी काही उकरणार नाही.

दिवे लागायच्या सुमारास पोचलो. ताईची दुसऱ्या मजल्यावरची खोली, दारातच पत्रकांचे गठ्ठे, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल, टेबलावर औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत ठेवलेली पेनं. तिने जेवायला वाढलं. मी नको म्हणत असतानाच वाढलं, नेहमीसारखं. आणि समोर बसून, पायाचे अंगठे चोळत, तिने स्वतःहूनच विषय काढला.

“तू हे उमेदवार-बिमेदवार बघतोस ना रे. माझं काही जमेल का? खरं सांग हं. बाकीचे सगळे तोंडदेखलं बोलतात.”

“नाही जमणार, ताई.”

“थोडंसुद्धा?”

“तुला बोलता येत नाही. लोक येतात ते तुझ्या ओळखीचे म्हणून येतात. अनामत सुद्धा जाईल. उद्या तीनपर्यंत माघार घेता येते. मी येतो हवं तर बरोबर.”

ती अंगठे चोळायची थांबली. तिचा चेहरा पडला, लहानपणी परीक्षेचा निकाल आणला की पडायचा तसाच. माझ्या बोलण्याचा तिला संशय आला नाही. तिने मान हलवली, गठ्ठ्यातलं वरचं पत्रक सरळ केलं.

“तू म्हणतोस तर तसंच असेल. तुला त्यातलं कळतं,” ती म्हणाली. “पण माघार नको. हरते तर हरते. परवाच्या सभेत मला एक सांगायचंय लोकांना, तेवढं तरी सांगून होईल.”

“काय सांगायचंय?”

“सातव्या खाटेचं.”

मी हातातला घास ताटात ठेवला. ती सांगत होती, हळूहळू, शब्द विसरत. मतं मागायला दारोदार फिरताना ती एका शिवणकामाच्या दुकानात गेली होती, आणि दुकानवाली निघाली त्या घड्याळवाल्याची मुलगी. पत्रक हातात देऊन ताई बाहेर आली आणि रस्त्यावर तिला पुढे जाववेना. दुसऱ्या दिवशी परत गेली, आणि सगळं सांगितलं. “तिने मशीन थांबवलं नाही. सांगून झाल्यावर विचारलं, बाबांना दुखलं का. मी म्हटलं, नाही, झोपेत गेले. हे खरंय, मी रात्रभर शेजारी होते. मग ती म्हणाली, तुम्ही आता जा. मतबित काही बोलली नाही. पण मी ठरवलं, हे पोटात ठेवून मी कुणाकडे मत मागणार नाही. ज्यांना नको असेन त्यांनी नको म्हणावं.”

आता तिला कुणी काही करू शकत नव्हतं. साहेब नाही, आमचा ग्राहक नाही, बाई नाहीत, मीसुद्धा नाही. माझे आजचे सगळे उद्योग वाया गेले होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तिचा हात धरावासा वाटला. तो ताटापलीकडेच होता, साबणाने पांढरा पडलेला, नखं बारीक कापलेला. मी तोंड उघडलं.

“त्या मुलीला सभेला आण,” मी म्हणालो. “तुझ्या शेजारी उभी कर, काही बोलली नाही तरी चालेल. आणि तुझा तो जुना नर्सचा पोशाख आहे ना, तो घाल. आधी प्रसूतिगृहाचं बोलू नकोस, आधी हेच.”

तिला समजायला वेळ लागला, आणि समजलं ते मला दिसलं.

“माझ्या हातून एक माणूस गेला रे,” ती म्हणाली, “आणि तू मला कपडे सांगतोयस.”

यावर मला गप्प बसता आलं असतं. माफ कर म्हणता आलं असतं. ती खरंच खूप जवळ बसली होती.

“हे वाक्य,” मी म्हणालो, “पहिलं अर्धं. परवा सुरुवातीला अगदी असंच म्हण, याच आवाजात.”

ताईने माझ्यासमोरचं ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं. मग दार उघडलं, आणि मी चपला घालून जिन्यापर्यंत जाईपर्यंत ती ते धरून उभी राहिली.